मापाची नसलेली सायकल

आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे गव्हाच्या पोत्यांशेजारी असायचे. वडील मजकूर हातानं लिहीत, त्याच्या झेरॉक्स निघत आणि घड्या घालायचं काम माझं. अन्याय ओळखायला मी फार लवकर शिकले. तो नसेल तिथंही मला दिसायचा.

कॉलेजात एका मित्रानं त्याची जुनी रेसिंग सायकल मला दिली. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल. तिच्यावरून पैठण रोडच्या गावांत मी पत्रकं वाटू लागले. महिन्याभरात मान आखडली, तळहात ठणकू लागले. म्हणून क्रांती चौकाजवळच्या एका सायकल मिस्त्रीकडे गेले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मला सायकलवर बसवलं आणि चार पावलं मागं जाऊन पाहिलं.

"ताई, ही तुमच्या मापाची नाय. उंच गड्याची फ्रेम हाय. बदलून घ्या."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे बाईनं ही चालवायची नाही?"

"तसं कुठं म्हणलो? हात कुठवर पोचतात, तेवढंच सांगतोय."

"आधी माप काढायचं, मग घरी बसवायचं. माहीत आहे मला. तुम्ही आहे तीच नीट करून द्या."

"करतो की. पण दुखंल."

त्यानं सीट पुढं सरकवली, हँडल थोडं वर घेतलं. आठवडाभर बरं वाटलं. तेवढ्यावर तो खोटा ठरला असं धरून मी एक पत्रक लिहिलं: बाईचं माप ठरवणारा मिस्त्री. नाव घातलं नव्हतं, पण त्या गल्लीत मिस्त्री एकच. चौकातली पोरं त्याच्या दुकानासमोर ते मोठ्यानं वाचायची. "काय मामा, आमचंबी माप घ्या की!" तो मान खाली घालून पंक्चर काढत राहायचा. रस्त्यापलीकडून मी हे पाहिलं. मला ते योग्यच वाटलं.

दोन वर्षं मी तीच सायकल चालवली. आधी करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं, हात झटकला की जायचं. नंतर जाईना. सायकल सोडली तर तो खरा ठरेल, म्हणून सोडली नाही. आता उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना चहाच्या कपाचा चटकासुद्धा कळत नाही, पकडही सैल झाली आहे. तळहातातली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. संवेदना परत येईल का, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात सायकल घेऊन त्याच दुकानात गेले. "लहान मापाची आहे का एखादी?"

तो माझ्या हाताकडं बघत राहिला. "अजून हीच चालवत होता व्हय? मला वाटलं, कवाच सोडली असंल."

आतून त्यानं एक जुनी, सरळ हँडलची सायकल आणली. मी बसले. हात आपोआप पोचले, कोपरं सैल राहिली, तळव्यांवर भारच नव्हता. इतकं सोपं होतं ते.

"मामा, ते पत्रक..." मी म्हणाले.

"वाचलं होतं." तो ब्रेकची तार ओढून बघत होता. "अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

मी माफीचं पत्रक लिहायला घेतलं आहे. मोबाईलवर झटकन होईल, पण ते आधीचं हातानं लिहिलं होतं, तर हेही हातानंच. तिसऱ्या ओळीला पेन निसटतो. चार दिवस झाले, तिसरी ओळ पुरी होत नाही.