मावशींची प्रार्थना

उन्हात सुकत घातलेल्या आमसुलांचा वास आला की मला रत्नागिरीतलं ते अंगण आठवतं. मी नुकताच पाळक झालो होतो, आणि आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींचा एकुलता एक मुलगा समुद्रात बुडाला होता. देवाचा हेतू समजावून सांगावा म्हणून मी त्यांच्या अंगणात बसून बायबल उघडलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, देवानं का नेलान ते त्याला ठाऊक. तुम्ही माझ्या पोरासाठी जरा रडा." मी शिकून आलो होतो पुष्कळ, पण मला रडू येईना. मग मावशींनीच माझा हात धरला आणि डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. यंदा माझी मुलगी गेली. आता रडू थांबत नाही, आणि मावशी केव्हाच देवाघरी गेल्या आहेत.