तारेच्या बाजूचा हवालदार

दस्तगीर मुलाणी समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. चहाच्या गाड्यावर कुणी सरहद्दीचा विषय काढला की हातातला कप खाली ठेवून विचारायचे, "तू गेला हुतास का तिथं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचे, "मग मी सांगतो, आईक."

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर रहिमतपूरच्या बाजारपेठेत त्यांनी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं, वायंडिंगचं दुकान टाकलं. मी शेजारच्या शाळेत शिकवायचो, सुटी झाली की त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. मान ताठ, आवाज मोठा, आणि मत एकदा झालं की झालं. सरहद्दीवर तार पाहिजे, भिंत बांधता येत असेल तर भिंतही पाहिजे, हे त्यांचं मत सगळ्या बाजाराला पाठ होतं.

मागच्या वर्षी गावातल्या तरुण मंडळानं 'सीमेवर भिंत हवी का?' असा परिसंवाद ठेवला. साताऱ्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी भिंतींनी माणसं तुटतात, असं छान भाषण केलं. मग निवृत्त सुभेदार शिंदे भिंतीच्या बाजूनं बोलले. त्यांना शाल मिळाली. इतक्यात प्रेक्षकांतून दस्तगीरभाई उठले.

"सर, तुमी गेला हुता का तिथं? बर्फात तार गाडली जाती. उन्हाळा लागला की आमी ती परत उभी करायचो. बोटं फाटायची. उगं न्हाई करत कोण. तार पायजेच."

टाळ्या पडल्या. मंडळाचा अध्यक्ष विक्रम, शिकलेला बागायतदार पोरगा, खुशीत माईकवर म्हणाला, "हवालदारांच्या तोंडून हे ऐकणं विशेष आहे. त्यांनी वर यावं आणि त्यांच्या समाजालाही दोन शब्द सांगावेत."

दस्तगीरभाई जागचे हलले नाहीत.

"शिंदेसाहेबांना कुठल्या समाजाला सांगाया लावलंस रं?"

विक्रम हसला. "तसं नाही चाचा, लोकांना तुमच्याकडून ऐकायचंय."

"ऐकवलं की आत्ता! मी हवालदार म्हणून उभा ऱ्हायलो. तू मला मुलाणी म्हणून वर बोलवाया लागलास. मी न्हाई येत."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग घरी जा!"

"का म्हणून? कार्यक्रम गावाचा हाय." असं म्हणून ते पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. तेव्हा शिंदे सुभेदार व्यासपीठावरून खाली आले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. राष्ट्रगीत होईपर्यंत दोघं तिथंच होते.

नंतर प्राध्यापक लगबगीनं त्यांच्याकडे आले. "तुम्ही त्यांना चांगलं सुनावलंत!"

"सर, तार पायजेच. तुमचं भाषण मला पटलं न्हाई ते न्हाईच," असं म्हणून दस्तगीरभाई चपला शोधू लागले.

पुढं काही शेतकऱ्यांनी जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे न आणता कोरेगावला न्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, "दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

उन्हाळ्यात विक्रमची मोटार जळाली. ऊस वाळत होता. त्यानं गड्याकडून ती पाठवली. दस्तगीरभाईंनी मोटार ठेवून घेतली, पण निरोप दिला, "न्यायला मालकाला लावून दे."

संध्याकाळी विक्रम आला. मी बाकड्यावरच होतो. तो खाली मान घालून म्हणाला, "चाचा, तुम्ही आमच्याच बाजूचे होता. मग वर का आला नाहीत?"

दस्तगीरभाईंनी हातातली तांब्याची तार बाजूला ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"म्हसवडचा जोडीदार हुता माझा. एका ताटात जेवायचो आमी. एका जागी बर्फानं तार वाकली हुती. सकाळी उभी करायची ठरलेलं. रातीच त्या वाटेनं घुसखोर आत आले. माझ्या मांडीवर गेला त्यो. म्हणून मी तार मागतो."

विक्रमचे डोळे भरले. "हे त्या दिवशी सांगितलं असतं तर अख्खं गाव तुमच्या पाया पडलं असतं."

"ठाऊक हाय मला," दस्तगीरभाई म्हणाले. "पर त्याच्या मरणावर मला तुमची परीक्षा पास व्हायची न्हवती. उचल मोटार. उसाला पाणी दे."