गाडीतला आंब्याचा वास

पोलीस खात्यातली कितीतरी प्रकरणं विसरलो. हे मात्र आठवलं की अजून हसू येतं. याची ना ठाण्यात नोंद झाली, ना कुणाला अटक. आरोपी माझा जावई होता.

निवृत्तीनंतर मी ओमानला, सीबमध्ये मुलीकडे राहायला आलो. सात वर्षांच्या नातीचा खोकला महिनाभर हटत नव्हता. डॉक्टर झाले, एसी साफ झाला, पडदे बदलले. मुलगी रडकुंडीला आली होती. मी सवयीप्रमाणे वहीत रोजची नोंद ठेवू लागलो. स्कूल बसने आली की नात ठीक असायची. जावई गाडीतून आणायचे, त्या संध्याकाळी खोकायची.

मग खबर मिळाली. "आजोबा, बाबाच्या कारमध्ये मँगोचा क्लाउड येतो. पण ते सीक्रेट आहे," नात म्हणाली.

गाडीच्या काचेवरून आतून पांढरा रुमाल फिरवला. चिकट थर निघाला. त्याला आंब्याचा गोड वास होता.

शुक्रवारी सकाळी जावयांना घेऊन समुद्रावर गेलो. दोन करक, म्हणजे इथले दाट दुधाचे चहा घेतले आणि रुमाल समोर ठेवला.

"परफ्यूम असेल, बाबा," जावई म्हणाले.

मी चहाचे घोट घेत राहिलो. आपण गप्प बसलो की समोरच्याला ते फार वेळ सोसत नाही. चहा अर्धा झाला तेव्हा ते बोलले. "व्हेप आहे, ई-सिगारेट. आमची मुलगी झाली तेव्हा सिगारेट सोडली होती. मग ऑफिसच्या टेन्शनमध्ये हे लागलं. पण हा धूर नाही, वाफ आहे."

"काही देशांत गाडीत मूल असताना व्हेप ओढली तर दंड होतो. वाफ आहे म्हणून सोडत नाहीत. इथे तर ती विकायलाही बंदी आहे, जावईबापू."

"तुम्ही घरी सांगणार?"

"नाही. तुम्ही सांगणार. आजच."

"पण तुम्हाला कळलं कुठून?"

"खबऱ्याचं नाव आम्ही देत नाही."

त्यांनी सांगितलं. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गाडी आतून पुसून काढली. व्हेप लगेच सुटली नाही, डॉक्टरांकडे खेपा झाल्या. पण गाडीत पुन्हा ओढली नाही. नातीचा खोकला थांबला. तिने कागदावर 'कारमध्ये नो क्लाउड' असा नियम लिहिला आणि बाबाची त्यावर सही घेतली.

ठाण्यात कबुली मिळाली की माझं काम संपायचं. इथे कबुली देणाऱ्याबरोबर रोज एका टेबलावर जेवायचं होतं. म्हणून आवाज न चढवता विचारायला शिकलो. नोकरीत असताना हे जमलं असतं, तर बऱ्याच जणांनी मला खरं लवकर सांगितलं असतं.