लाल ठिपक्याची इमारत

मंडळी, आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि भाषांतराला बसलो. बुखारेस्टमधल्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटची जाहिरात रोमानियनमधून इंग्रजीत करायची होती. तरुणपणी तिथे शिकलो, म्हणून इथे जर्मनीत, बॉनमध्ये अशी कामं मिळतात.

जाहिरातीत शेवटी होतं, 'इमारतीवर लाल ठिपका आहे.' मोठ्या भूकंपात कोसळू शकेल अशा इमारतीवर तिथे ही खूण लावतात. तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र काहीच कळणार नाही.

काम देणाऱ्या एजंटाला फोन करून विचारलं, "अर्थ लिहू का?"

"आल्झो," तो जर्मनमधलं 'हं, तर' म्हणाला, "शब्दाला शब्द द्या. रेड डॉट! यात खोटं काय आहे?"

बायको म्हणाली, "अहो, घर घेणारा तुमचा पाव्हणा लागतो का? हा एजंट पुन्हा काम देणार नाही."

तेही खरंच होतं. पण त्या घरात कुणाची तरी मुलं झोपतील, हे मनातून जाईना. शब्द बरोबर होते, एवढं सांगून देवापुढे सुटता येतं का? तुम्हाला काय वाटतं?

मी दुपारी 'मोठ्या भूकंपात कोसळण्याचा धोका' असं स्पष्ट इंग्रजीत लिहिलं आणि ईमेल पाठवून दिली.