निंबा मास्टरची गच्ची

सुरतेच्या डिंडोलीतल्या रो-हाउसांची तऱ्हाच अशी: घर नऊ फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब, म्हणजे वरची गच्चीही तेवढीच. नवागामच्या एका खोलीत पस्तीस वर्षं काढून निंबा मास्टरने हे घर घेतलं, तेव्हा शेजारी म्हणाले, "मास्टर, ही अगासी नाही, रेल्वेचा फलाट आहे!" मास्टरला विनोद उशिरा कळायचे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात कान निम्मे गेले होते. पण त्याची बायको शोभाबाई त्या फलाटावरून दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि मधोमध उभी राहून म्हणाली, "आठे झोका बांधा. आखाजीले बससू मी."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशी बाईचा जीव की प्राण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. शोभाबाई लग्न होऊन सुरतेला आली आणि झोका सुटला तो सुटलाच. पत्र्याच्या खोलीत झोका बांधणार कशाला? साड्यांना खडे चिकटवण्यात तिच्या पस्तीस आखाज्या गेल्या.

तरी मास्टरने चार वर्षं आज-उद्या केलं. मग तो लूमच्या खात्यावरून, म्हणजे कारखान्यातून, निवृत्त होऊन मोकळा झाला, आणि त्याच दिवाळीत शोभाबाईला धाप लागायला लागली. डॉक्टरने मास्टरला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाला, वर्ष निघेलही, नाहीही निघणार. मास्टरने घरात कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मेजर टेप घेऊन तो गच्चीवर गेला.

काम करावं तर निंबा मास्टरनेच, बरं का! उभा लोखंडी जिना काढून आधी सहा-सहा इंचांच्या बुटक्या पायऱ्या करून घेतल्या, मध्ये दम खायला ओटा. वेल्डिंगवाला कुंदन म्हणाला, "मास्टर, दोन्ही भिंतींना बाकं लावून टाकू, मधून वाट." मास्टर भडकला. जन्मभर दोन लूमच्या मधून आडवा होऊन चाललोय, आता घरातही आडवं चालू? बाकं, कुंड्या, सगळं एकाच भिंतीला लावलं, दुसरी बाजू मोकळी. जिन्यापाशी हिरवी जाळी, तिच्याखाली खाट आणि पाण्याचा माठ. पार टोकाला अर्धे कापलेले ड्रम, त्यांत भरताची वांगी आणि कढीपत्ता. खाली पांढऱ्या फुटक्या टाइल्स, पाय भाजू नयेत म्हणून, तुकडा न् तुकडा स्वतः निवडून बसवलेला.

आणि मधोमध झोका. कुंदन पितळी साखळ्यांचा हिंचका दाखवत होता. "साखळी करकरते," मास्टर म्हणाला. त्याने सुताचा जाड दोर आणला, जुन्या बाजारातून सागाची फळी आणली. झोका आडवा टांगला तर पाय कठड्याला लागणार, म्हणून लोखंडी कमान उभारून लांबीच्या बाजूने टांगला. दोन्हीकडे दहा-दहा फूट मोकळं. शोभाबाईने पाय लांब केले तरी कुठे लागायला नको.

फाल्गुनात झोका टांगून झाला. आणि इथेच माशी शिंकली.

खात्यावरची एक सवय मास्टरच्या हाडात मुरली होती. कापडाचा ताका पुरा विणून उतरल्याशिवाय शेठपुढे धरायचा नाही. अर्धा ताका दाखवला की शेठला त्यातले डागच दिसतात. चाळीस वर्षं तो हा नियम पाळत आला, तो त्याने बायकोलाही लावला. शहाणा कुठला! शेठ आणि बायको एकच का? सगळं झाल्याशिवाय शोभाबाईने वर यायचं नाही. इतकंच नाही, तर गच्चीच्या दाराला त्याने कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

"एकदाव माले वर लई चला ना," ती म्हणायची. "कसं बी राहो, चाली माले."

"आखाजीले," मास्टर ओरडून सांगायचा. त्याचं साधं बोलणंही ओरडणंच असायचं. "त्यान्या पहिले नही."

एका दुपारी तो रंगाचा डबा घेऊन बाजारातून परतला तर शोभाबाई खाली नव्हती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, बंद दाराला पाठ लावून. ओठ निळे पडले होते. त्या बुटक्या पायऱ्या चढायला तिला किती वेळ लागला असेल, देव जाणे.

"कसाले उनी वर? जीव जाई ना तुना!"

"दार उघाडा ना," ती म्हणाली. "देखस नि उतरस."

किल्ली कमरेला होती. हात पुढे करायचा अवकाश होता. पण नाही! "अर्धं काम कोनी देखत नही," असं म्हणून त्याने तिला धरून धरून खाली आणलं. ती भांडली नाही. खाली आल्यावर पाणी मागितलं, तेवढंच.

चैत्र पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी चहाची कपबशी हातात असतानाच शोभाबाई गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दिवस काही थांबत नाहीत, आखाजी आली. मुलगी रंजना बारडोलीहून आली. तिचा नवरा तिथे साखर कारखान्यात असतो. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. रंजनाने मातीची नवी घागर भरली, वर सांजोरी, आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मग ती म्हणाली, "आप्पा, घागर वर ठेवू या. मायची जागा तीच."

मास्टरने कुलूप काढलं. रंजना गच्चीवर आली आणि बघतच राहिली. पांढरीशुभ्र फरशी, वांग्यांना आलेली जांभळी फुलं, आणि मधे तो झोका, ज्यावर आजवर कुणीही बसलं नव्हतं. घराला दुखवटा होता, यंदा कुणी बसणारही नव्हतं. तिने घागर ठेवली, हात जोडले आणि तोंडाला पदर लावून रडली.

"माय रोज फोनवर सांगायची," ती जरा वेळाने म्हणाली. "तुझे आप्पा माझ्यासाठी गच्ची करतायत, पण दाखवत नाहीत. पायऱ्या कधी झाल्या?"

"पौषात."

"झोका?"

"फाल्गुनात."

"मग राहिलं काय होतं, आप्पा?"

मास्टरला नीट ऐकू गेलं होतं. तरी त्याने कानाला हात लावला आणि तिला पुन्हा विचारायला लावलं. तिने पुन्हा विचारलं.

"कठड्याचा रंग," तो म्हणाला. "बाहेरच्या अंगाचा. दुसरा हात."

रंजना कठड्यापाशी गेली, वाकली. बाहेरचं अंग बघायला तिला खाली गल्लीत अर्धं लोंबकळावं लागलं. ती मागे वळली.

"ती बाजू तर इथून कुणाला दिसतच नाही, आप्पा."

"नही," निंबा मास्टर म्हणाला. या खेपेला तो ओरडला नाही. "आठेन नही दिसत."