पाटाकडचं गवत

पाटाची चारी आमच्या शिवारात यायच्या आधी आमी शंख बघितला तो गुरवाच्या तोंडाला लावलेला. चारीच्या मागनं हे बारके, जिते शंख आले. तपकिरी, करंगळीच्या नखायेवढे. चारीखालची जमीन पाझरून चिबड झाली, तिथं गवताच्या बुडाला चिकटून बसायचे. मी पाठीवर पाटी घेऊन त्यांची चाल करून दाखवायचो. पान्याला आलेल्या बाया हसता हसता घागरी सांडायच्या.

त्याच चिबडातनं आत्या गवत कापायची. आत्या म्हंजे बापाची थोरली बहीन. नवरा गेला तशी माहेरी आली, संगं एक म्हैस घेऊन. घरातली भांडी आईची, जमीन बापाची, आत्याची म्हनावी अशी ती म्हैसच. तिच्या तुपावर आत्या सोताचं लुगडं घ्यायची अन् घरात मान वर करून जेवायची.

त्या उन्हाळ्यात म्हशीच्या जबड्याखाली पान्याची पिशवी लोंबायला लागली. हागवन लागली, बरगड्या दिसायला लागल्या. विळा तापवून डाग दिला तरी सूज तशीच. आमच्याकडं आजारी जनावराला येकच पथ्य, हिरवं घाला. कोरडा मुलूख, वैशाखात हिरवी काडी दिसली की मानसाला खावीशी वाटायची. तवा आत्या गुडघाभर पान्यात उतरून कवळं, पार बुडातलं कापून आनायची. शंखासकट.

तशात शेजाऱ्याचा बैल मेला. तालुक्याचा ढोरांचा डाक्तर सायकलवर आला, त्यानं बैलाची कलेजी चिरली. आत लिंबाच्या पानासारखे चपटे किडे. मग त्यानं गवतावरचा येक शंख उचलून दाखवला. ह्याच्या पोटात त्यांची पिल्लं वाढत्यात, पान्यात सुटत्यात, गवताला चिकटून जनावराच्या पोटात जात्यात. आत्याच्या म्हशीला त्यानं औषध पाजलं, बजावलं अन् गेला.

म्हैस जराशी सुधारली, रवंथ करायला लागली. पन घरातला कडबा सरला. लढाईचे दिवस, इकत कुठं मिळंना.

"डाक्तर करून दाखव रं," येका सांजच्याला आत्या म्हनली.

मी बापाचा कोट चढवला, नाक वर केलं. "हे पहा बाई, पाटाकडचं गवत आजपासून बंद. अजिबात घालायचं नाही. कळलं?"

आत्या पदर तोंडाला लावून हसली. "कळलं, डाक्तरसायब. मग काय घालू?"

मी तोंड उघडलं. ह्याच्यापुढं डाक्तर काय बोललाच न्हवता, अन् माझ्याकडं त्याचं हुतं तेवढंच.

"बोल की."

"सायकलवर बसून गेला," मी म्हनलो.

म्हैस रिकामी गव्हान चाटत हुती. आत्यानं विळा घेतला.

"आत्या, तिकडं नगं."

"वरवरचं कापते. बुडाचं न्हाई कापत."

वरवरचं कितीसं निघनार? चार दिस निघालं, मग ती परत बुडाला गेली. घरात कोनी अडवलं न्हाई. मी बी परत न्हाई. अडवून घालायचं काय?

पिशवी परत लोंबली. पोळ्याच्या आधी म्हैस गेली.

दिवाळीला आईनं आपलं जुनं लुगडं आत्याला दिलं. तिनं घडी न मोडता काखेत घेतलं. नक्कल कर, असं ती परत कधी म्हनली न्हाई.