उखाणे, नावासकट

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधाऐवजी वेबसाइट करायची मुभा मिळाली, तेव्हा मी घाबरलेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावी वडिलांची आटाचक्की, माझी शाळा हिंदी माध्यमाची, मराठी फक्त आईशी बोलण्यापुरती. इतिहास म्हणजे राजवाडे आणि ताम्रपट, त्यात माझं काय काम, असं वाटायचं. गाईड मॅडमनी विचारलं, "तुम्हारे घर में ऐसा क्या बोला जाता है जो किसी किताब में नहीं है?" मला आईचे उखाणे आठवले. उज्जैनच्या मराठी घरांतले उखाणे बायकांच्याच आवाजात ऐकवायचे, असा विषय ठरला. कॉम्प्युटरचं काम माझ्या जोडीला दिलेल्या वर्गमित्राने उचललं. तो माळवी घरातला. उखाणा म्हणजे पहेली, ही त्याची समजूत शेवटपर्यंत गेली नाही.

कुणाचंही नाव वेबसाइटवर येणार नाही, हा नियम मी स्वतः पहिल्या पानावर लिहिला होता. लोक आपल्यावर विश्वास ठेवून बोलतात, तो सांभाळायचा, हे मॅडमनी शिकवलेलं. शिकलेली माणसं असं वागतात, याचा मला अभिमानही वाटला होता.

फ्रीगंजमध्ये मी भाड्याने राहायचे. तिथे शेजारच्या वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथे मी मोबाईल घेऊन बसले. वहिनींनीच सुरुवात केली:

"देवास गेटला लागली बस, कंडक्टर ओरडे चलो चलो,
अमुकरावांचं नाव घेते, अब तुम भी कुछ बोलो."

मित्राने नावाच्या जागी 'पीं' असा आवाज टाकून दिला. वहिनींना ऐकवलं तर त्या किंचाळल्याच. "अगं बाई, हे तर मी ह्यांना शिवी दिल्यासारखं वाटतंय!"

"घरी देतेसच की," त्यांची मैत्रीण म्हणाली.

मग आम्ही ते 'पीं' काढून टाकलं आणि नावाच्या जागी नुसती शांतता ठेवली.

माझ्या घरमालकीण काकू त्या दिवशी तिथे नव्हत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना कुणी करत नसे. एका दुपारी मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "लाव बघू तुझं ते." मी लावलं. त्यांनी सगळे उखाणे ऐकले.

"अन् नाव कुठंय?"

"कापलंय, काकू. नियम आहे."

"मग काय उपयोग? बस निघाली अन् सवारी खालीच राहिली."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. पुढची शेंग सोलत म्हणाल्या, "ते होते तेव्हा त्यांचं नाव मी वर्षातून दोनदा घेतलं असेल. गेल्यावर रोज घेतलं. बँकेत, बिजलीच्या ऑफिसात, पेन्शनच्या खिडकीवर. पण तिथे नावाच्या आधी 'स्वर्गीय' लावायचं, अन् मग बाबू म्हणणार, जोर से बोलो अम्मा. नीट, हौसेनं घे म्हणून कुणी म्हटलंच नाही." हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "चल, चालू कर."

"पेन्शनच्या खिडकीवर लागली लांब लाइन,
अमुकरावांचं नाव घेते, कर ना बाबा साइन."

"हे कापायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "कापणार असशील तर पूर्णच काढून टाक."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, दुसऱ्या वेळी चष्मा काढून. पण म्हणाल्या, "नियम तो तुम्हीं ने लिखा है. एक के लिए तोड़ोगी तो बाक़ियों को क्या कहोगी?"

"सबसे दुबारा पूछूँगी, मैडम."

"जमा करने का टाइम सिर पर है."

"पूछ लूँगी."

मग त्या म्हणाल्या, "ठीक है. जो लिखकर हाँ कहे, उसका नाम रहेगा."

मी पुन्हा घरोघर गेले. एकीने "ठेव, ठेव" म्हणून मला लाडू दिला. एक नवी सून "नको गं, ऑफिसात ह्यांना चिडवतील" म्हणाली. एका बाईंनी आतल्या खोलीकडे तोंड करून "अहो, चालेल का?" असं विचारलं, तर आतून उत्तर आलं, "घेताना विचारलं होतंस का?" माझ्या नियमाने मी या सगळ्यांना एकसारखं गप्प केलं होतं. प्रत्येकीचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते विचारल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. पदवीपेक्षा या फेरीने मला जास्त शिकवलं, असं आज वाटतं. अर्थात पदवीसाठी आले नसते तर ही फेरीही झाली नसती.

शेजारच्या वहिनींनी सही करताना विचारलं, "पण आता हे अचानक कुठून निघालं?"

मी काकूंचं सांगितलं. वेबसाइटवर तुमच्या शेजारीच त्यांचाही उखाणा येणार आहे, म्हटलं.

"काकूंनी? उखाणा?" त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडे देऊन आत गेल्या. मला वाटलं, त्यांना आवडलेलं दिसत नाही.

वेबसाइट सुरू झाली. काकूंचा उखाणा नावासकट आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकूंनी मला ते ऐकवायची परवानगी दिली आहे, लिहायची नाही. मी त्यांना मोबाईलवर लावून दाखवलं तेव्हा "आवाज म्हातारा आलाय" एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. हातात तिळगुळाचा डबा होता, संक्रांत होऊन कितीतरी दिवस झाले तरी. काकूंच्या समोर बसून म्हणाल्या, "काकू, घ्या ना नाव."

"मोबाईलात आहे की. हिला सांग, लावेल ती."

"मोबाईलात नको. तुम्ही घ्या."

काकूंनी एकदा वहिनींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तू जरा आत जा बघू. चहा टाक."

मी आत गेले. गॅस पेटवला, आलं किसलं. दूध उतू जायला आलं तेव्हा बाहेरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.